तक्षकाला नमस्कार, घोणशीपासून लांब: सापांच्या जुन्या नावांविषयी

प्रश्न असा आहे: महाभारतातला तक्षक, नलाला चावलेला कर्कोटक, नागपंचमीच्या श्लोकातले शंखपाल आणि कालिय हे आजचे नेमके कोणते विषारी साप? त्यांच्या नावांचे अर्थ काय? आणि तक्षक म्हणजेच किंग कोब्रा, असं सगळीकडे फिरतंय ते खरं का?

मी संस्कृत शिकवतो आणि गेली वीसेक वर्षं लोकांच्या घरातून साप काढून रानात सोडतो. हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो, वर्गात मुलं विचारतात आणि काठीला साप गुंडाळलेला असताना मागे उभे असलेले काकाही विचारतात.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. तक्षक म्हणजे किंग कोब्रा नव्हे. झारखंडकडच्या हिंदी बातम्यांत 'तक्षक नाग सापडला' असं छापून येतं तेव्हा फोटो असतो उडत्या सोनसर्पाचा. तो झाडावरून झाडावर तरंगत जाणारा देखणा साप, त्याचं विष माणसाला धोक्याचं नाही. बंगाली माणसाला 'तक्षक' म्हणा, तो एका मोठ्या, रात्री ओरडणाऱ्या पालीकडे बोट दाखवील. परीक्षिताला मारणाऱ्याचं नाव पालीपर्यंत घसरलं. नावं अशी हिंडत असतात, म्हणून नावावरून साप ओळखायला जाऊ नये.

पण जुन्या नावांतून काहीच कळत नाही असं मात्र नाही. फक्त कोणती नावं कोणत्या फडताळातली, हे आधी पाहावं लागतं. आणि ही वाटणी मी करत नाही, सुश्रुतानंच करून ठेवली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात चौथा अध्याय सर्पदंशाचा आहे. सुरुवातीलाच तो वासुकी, तक्षक वगैरेंची नावं घेतो. ते पृथ्वी धरणारे, अग्नीसारखे तेजस्वी, चिडले तर नजरेनं आणि श्वासानं मारणारे, असं वर्णन करतो आणि मग एका ओळीत त्यांना बाजूला ठेवतो: 'नमस्तेभ्योऽस्ति नो तेषां कार्यं किञ्चिच्चिकित्सया'. म्हणजे त्यांना नमस्कार असो, चिकित्सेशी त्यांचा काही संबंध नाही. पुढे म्हणतो, जे जमिनीवरचे आहेत, ज्यांचं विष दाढेत आहे आणि जे माणसांना चावतात, त्यांची मी आता गणती सांगतो. ही ओळ मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. वैद्याला तक्षकाचा औषधोपचार लिहायचा नव्हता, त्याला समोर पडलेला रोगी वाचवायचा होता.

तेव्हा आधी नमस्काराच्या फडताळातली नावं. तक्षक हा 'तक्ष्' धातूपासून, म्हणजे तासणारा, छिलणारा. हाच शब्द सुतारालाही आहे. शेष म्हणजे उरलेला, सगळं बुडाल्यावर जो शिल्लक राहतो तो. अनंताला अंत नाही. कालियाच्या नावात 'काळ' आहे, रंगाचाही आणि मरणाचाही. कर्कोटकाचं नाव तुमच्या भाजीच्या टोपलीत आहे: पावसाळ्यात येणारी काटेरी करटोली ही संस्कृतात कर्कोटकी. त्याची गोष्टही मुळात शब्दाचा खेळ आहे. वणव्यात अडकलेल्या कर्कोटकाला नल उचलून नेतो, साप म्हणतो पावलं मोज, नल मोजू लागतो आणि दहाव्या पावलाला साप चावतो: 'अदशद्दशमे पदे'. 'दश' म्हणजे दहा, आणि 'दश' म्हणजे 'चाव' ही आज्ञाही. कुणी हाक मारावी तसं नल 'दश' म्हणतो आणि काम होतं. अशा प्रसंगातून सापाची जात शोधायला जाणं म्हणजे कोड्यातून पत्ता काढण्यासारखं आहे.

यातली कित्येक नावं आज सापांची म्हणून राहिलेलीही नाहीत. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात विराज नावाची गाय सगळ्यांकडे जाते आणि जो तो तिच्यातून आपापल्या कामाचं दूध काढतो. ती सापांकडे येते तेव्हा वासरू म्हणून तक्षक वैशालेय असतो, भांडं भोपळ्याचं असतं, आणि धृतराष्ट्र ऐरावत तिचं दूध काढतो. निघतं ते विष. धृतराष्ट्र, ऐरावत ही नावं आपण राजाची आणि हत्तीची म्हणून ओळखतो, इथे ती नागांची आहेत. आणि मला यात गंमत वाटते ती 'दोहण्या'ची. आजही सापाचं विष काढणं म्हणजे त्याच्या दाढा भांड्याच्या तोंडाला ताणलेल्या पडद्यावर दाबून थेंब थेंब गोळा करणं. भोपळ्याऐवजी काच आली, एवढंच.

'नाग' या शब्दावर जरा थांबायला हवं, कारण मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपल्याकडे नाग म्हणजे फडा काढणारा साप, दुसरा नाही. ग्रंथांतला नाग तसा नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात लागोपाठच्या श्लोकांत 'सर्पांमध्ये मी वासुकी' आणि 'नागांमध्ये मी अनंत' असं वेगवेगळं म्हटलंय. रामानुजाचार्यांनी त्यावर भेद सांगितला तो डोक्यांच्या संख्येवरून: एका डोक्याचे ते सर्प, अनेक डोक्यांचे ते नाग. संस्कृतात नाग म्हणजे हत्तीही, आणि रसशास्त्रात, म्हणजे धातूंची औषधं करण्याच्या शास्त्रात, नाग म्हणजे शिसं. म्हणून पोथीत 'नाग' दिसला की लगेच चष्म्याची खूण असलेला फडा डोळ्यांपुढे आणू नका.

आता दुसरं फडताळ, म्हणजे नुसती खूण सांगणारी नावं. ही मला फार आवडतात, कारण ती कुणीतरी साप नीट पाहून ठेवलेली आहेत. सर्वात जुनी अथर्ववेदात मिळतात. तिसऱ्या कांडातल्या 27 व्या सूक्तात सहा दिशांना सहा देव आणि त्यांच्या राखणीला सहा साप ठेवलेत. पूर्वेला असित, दक्षिणेला तिरश्चिराजी, पश्चिमेला पृदाकु, उत्तरेला स्वज, पायाखालच्या स्थिर दिशेला कल्माषग्रीव आणि वरच्या दिशेला श्वित्र. आर्यसमाजी संध्येत हे मंत्र रोज म्हटले जातात, पण म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा पत्ता नसतो की आपण सापांची हजेरी घेतोय. असित म्हणजे काळा. श्वित्र म्हणजे पांढुरका. कल्माषग्रीव म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या मानेचा. तिरश्चिराजी म्हणजे अंगावर आडवे पट्टे असलेला, आणि हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वजाचे दोन अर्थ लावतात: 'स्वतःच जन्मलेला', किंवा 'स्वज्' म्हणजे मिठी मारणं, त्यावरून विळखा घालणारा. पण त्याचा स्वभाव अथर्ववेदातच दुसरीकडे एका शब्दात आलाय. पाचव्या कांडात कुणाला तरी सांगितलंय, पाय पडलेल्या स्वजासारखा चाव. ज्यांनी घोणस पाहिली आहे त्यांना हे पटेल. धामण पावलांची चाहूल लागली की सुसाट पळते. घोणस आणि फुरसं जागचे हलत नाहीत, पाय पडेपर्यंत तिथेच असतात.

त्याच पाचव्या कांडातल्या विषाच्या सूक्तात कैरात, पृश्नि, उपतृण्य, बभ्रु, तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला अशी नावं येतात. पृश्नि म्हणजे ठिपकेदार, बभ्रु म्हणजे तपकिरी, उपतृण्य म्हणजे गवतात राहणारा, इथवर सरळ आहे. तैमात, आलिगी, विलिगी मात्र संस्कृतासारखी वाटतच नाहीत. लोकमान्य टिळकांनी हे हेरलं होतं. 1917 मध्ये डॉ. भांडारकरांच्या गौरवग्रंथात त्यांनी खाल्डियन आणि वैदिक परंपरांवर लेख लिहिला आणि तैमाताचा धागा बाबिलोनच्या तिआमात या आदिसर्पिणीशी जोडला. मंडालेहून सुटून आलेला माणूस सापांच्या नावांत मेसोपोटेमिया शोधत होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं. 'कैरात' ऐकून मात्र लगेच हिंदीतला करैत, म्हणजे आपला मण्यार, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. शब्दाचा अर्थ किरातांचा, रानातल्या लोकांचा, एवढाच होतो. कानाला सारखं लागलं की जात एकच, हा हिशोब सापांत फार महागात पडतो.

आता सुश्रुताकडे परत. त्यानं एकूण 80 साप मोजलेत: दर्वीकर 26, मंडली 22, राजिमान 10, निर्विष 12, वैकरंज 3 आणि त्या वैकरंजांपासून झालेले 7. वैकरंज म्हणजे संकरित. ते मी मानत नाही, नाग आणि घोणस यांचा संकर होत नाही. पण 'धामण ही नागाची मादी' असं आजही गावोगाव छातीठोकपणे सांगतात, तेव्हा सुश्रुताला एकट्यालाच का दोष द्यायचा? पावसाच्या तोंडावर बांधावर वेटोळी घालून नाचताना दिसणारी ती 'जोडी' म्हणजे बहुतेकदा झुंजणारे दोन धामण-नर असतात. सुश्रुत सापांना चार वर्णही देतो. तो भाग मी वर्गात वाचून दाखवतो आणि पुढे जातो.

त्याचं खरं काम पहिल्या तीन गटांत आहे. दर्वी म्हणजे पळी. आमटी वाढायची खोलगट पळी पालथी धरा आणि दांडा खाली करा: झाला फडा उभारलेला नाग. दर्वीकर म्हणजे अंगात पळी असलेला. त्यांच्या फड्यावर चाक, नांगर, छत्र, स्वस्तिक, अंकुश अशा खुणा असतात आणि ते चपळ असतात, असं तो सांगतो. गटातली नावंही पाहण्यासारखी आहेत. कृष्णसर्प, श्वेतोदर म्हणजे पांढऱ्या पोटाचा, लोहिताक्ष म्हणजे लाल डोळ्यांचा, दधिमुख म्हणजे तोंडाला दही लागल्यासारखा, खंडफण म्हणजे तुटक्या फड्याचा. याच यादीत पद्म, महापद्म आणि शंखपाल आहेत. म्हणजे जी नावं देवघरात आहेत तीच इथे जमिनीवरच्या सापांनाही आहेत. तुमच्या शंखपालाचा पत्ता हवाच असेल तर इथपर्यंत येतो: फडा असलेल्या गटातला एक. त्याच्या पुढे बोट ठेवायला मी तयार नाही.

मंडली म्हणजे अंगावर मंडलं, गोल गोल चकंदळं असलेले. जाड, मंद चालीचे, असंही तो म्हणतो. यादीत आदर्शमंडल आहे, आदर्श म्हणजे आरसा. पनस म्हणजे फणस. वेणुपत्रक म्हणजे बांबूचं पान, ते वाचताना सह्याद्रीतला हिरवा चापडा डोळ्यांपुढे येतोच. आणि आहे गोनस, म्हणजे गाईच्या नाकाचा. आपल्या 'घोणस'चं मूळ हेच, आणि संस्कृतात 'घोणा' म्हणजेही नाकच. हा शब्द कुणी पोथीतून उचलून आणलेला नाही, शेतकऱ्याच्या तोंडात तो तसाच घासत घासत आला. घोणस बरणीत असताना समोरून पाहिलीत तर कळेल: नाकपुड्या एवढ्या मोठ्या की त्या तोंडाला दुसऱ्या कशाशी जोडताच येत नाही. त्याच नाकपुड्यांतून ती कुकरच्या शिट्टीसारखी फूत्कारते. पाठीवर साखळीसारख्या तीन ओळींत तपकिरी मंडलं. लोक तिला 'अजगराचं पिल्लू' समजून हातात घेतात, आणि योगायोग असा की अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, गोनस आणि अजगर लागोपाठ बसलेत. अजगराचा अर्थ 'अज' म्हणजे बोकड गिळणारा, आणि सुश्रुतानं त्याला बरोबर निर्विषांत टाकलंय.

मंडलीच्या दंशाची लक्षणं तो अशी देतो: सूज, आग, दंशाची जागा कुजणं, पिवळेपणा, वरून आणि खालून रक्त जाणं. घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येताना ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि राजिमान. राजी म्हणजे रेघ, पट्टा. सुश्रुत म्हणतो: तुळतुळीत अंगाचे, आडव्या आणि उभ्या रेघांनी रंगवल्यासारखे. त्यासाठी त्यानं 'तिर्यक्' आणि 'राजि' हेच शब्द वापरलेत, म्हणजे अथर्ववेदातला तिरश्चिराजी. मध्ये कितीतरी शतकं गेली, पण पाहणाऱ्याची नजर आडव्या पट्ट्यावरच गेली. आणखी एक गोष्ट त्यानं टिपलीय. दर्वीकर दिवसा हिंडतात, मंडली रात्रीच्या पहिल्या प्रहरांत, आणि राजिमान रात्रीच्या शेवटच्या प्रहरात. लक्षणांत श्वास कोंडणं आणि डोळ्यांपुढे अंधार येणं आहे. मण्यार चावलेली माणसं बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेली असतात. दंश इतका हलका की मुंगी चावली वाटते, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास जड होतो.

इथेच एका नावानं घात होता होता राहिला, तो प्रसंग सांगतो. सातारा भागातल्या एका वाडीत श्रावणातल्या रात्री साडेअकराला फोन आला. धान्याच्या पोत्यांमागे पट्ट्यापट्ट्यांचा साप. मी पोचलो तेव्हा घरातले एक वयस्कर काका, पौरोहित्य करणारे, अमरकोश तोंडपाठ, सगळ्यांना शांत करत होते: "काही होत नाही, हा राजिल. 'समौ राजिलडुण्डुभौ', म्हणजे डुण्डुभच, बिनविषारी." ओळ बरोबर होती. अमरकोशात राजिल आणि डुण्डुभ खरोखरच एकच मानलेत, आणि डुण्डुभ बिनविषारी हेही खरं. महाभारतातला रुरू आपल्या प्रमद्वरेला साप चावला म्हणून दिसेल तो साप मारत सुटतो, तेव्हा त्याच्या काठीखाली सापडलेला डुण्डुभच त्याला म्हणतो, माणसांना चावणारे साप वेगळे, केवळ सापाचा वास येतो म्हणून आम्हाला मारू नकोस. आपल्याकडच्या विहिरीतल्या दिवडाचीही कैफियत हीच असेल.

पण कोशातला राजिल आणि सुश्रुताचा राजिमान यांच्या नावात फक्त रेघ सारखी आहे. रेघ कवड्यालाही असते, आणि कवड्या बिनविषारी. रेघ मण्यारलाही असते. मी विजेरी मारली. काळं निळसर चकचकीत अंग, पांढरे बारीक पट्टे, जोडीजोडीनं, शेपटीकडे ठसठशीत आणि मानेकडे येता येता पुसट होऊन गायब. कवड्याचं उलट असतं, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. पाठीच्या कण्यावरचे खवले इतरांपेक्षा मोठे, षटकोनी. म्हटलं, "काका, मण्यार आहे. पोरांना बाहेर न्या." काका गप्प झाले, मग हळूच म्हणाले, "म्हणजे कोश चुकला?" कोश चुकला नव्हता. कोश शब्दांना शब्द देतो, तो विजेरी मारत नाही.

फुरशाविषयी विचारणारेही असतात: आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांतला हा एकटाच यादीत दिसत का नाही? ओढूनताणून तो कुठेतरी बसवता येईल, मी बसवत नाही. कोकणातल्या कातळावर अंगाची वळणं एकमेकांवर घासून तो जो करवतीसारखा आवाज करतो, त्यावरून ओळखायला संस्कृत नाव लागत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, हाफकिनसारख्या संस्था तेच बनवतात. तेव्हा दवाखान्यात जाऊन सापाचं नाव सांगता आलं नाही तरी अडत नाही, उशीर झाला तर अडतं. सुश्रुतानं दंशाच्या वर घट्ट बांधायला सांगितलंय, ते आज करू नका. अवयव हलू न देता, न बांधता, न कापता दवाखाना गाठायचा.

बाकी साप या अर्थाचे जे सरसकट शब्द आहेत ते पटकन. सर्प म्हणजे सरपटणारा. उरग म्हणजे छातीनं चालणारा. भुजंग म्हणजे वाकत जाणारा. आशीविष म्हणजे दाढेत विष असलेला, 'आशी' म्हणजे सापाची दाढ, आशीर्वादाशी तिचा संबंध जोडू नका. दंदशूक म्हणजे पुन्हा पुन्हा चावणारा. पवनाशन म्हणजे वारा खाऊन जगणारा. महिनोन्महिने न खाता राहणारा साप पाहून कुणाला तसं वाटलं असणार. चक्षुःश्रवा म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा. सापाला बाहेरचा कान नाही, आणि पुंगीपुढे तो डोलतो तो सुरावर नव्हे, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून, म्हणून हा शब्द गारुड्यांपेक्षा शहाणा आहे. गूढपाद् म्हणजे पाय लपवलेला. या शब्दाला मी हसत असे, पण एकदा अजगराची शेपटी उलटी करून पाहिली आणि हसू थांबलं. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे दोन बारीक काटे होते, मागच्या पायांचे उरलेले अवशेष.

किंग कोब्राचं राहिलं. मराठीत तो नागराज. 2024 मध्ये अभ्यासकांनी त्याच्या चार वेगळ्या जाती केल्या आणि पश्चिम घाटातल्या जातीला नाव दिलं 'कालिंगा', कारण कर्नाटकातले लोक त्याला काळिंग म्हणतात. आणि कन्नडमध्ये यमुनेच्या डोहातला कालियही काळिंगच. तेव्हा तुमच्या यादीतल्या चौघांपैकी कुणाचं नाव आज एखाद्या खऱ्या विषारी सापाच्या शास्त्रीय नावापर्यंत पोचलं असेल, तर ते तक्षकाचं नव्हे, कालियाचं.